दोनशे सतरा नंबरचा बिल्ला

मिलच्या गेटवर मी हजेरी लिहायचो. आत जाताना कामगार आपला पितळी बिल्ला फळीवर अडकवायचा आणि सुटताना काढून न्यायचा. बिल्ला फळीवर आहे, म्हणजे माणूस अजून आत.

मालोजी मशीनमध्ये सापडून मेला, त्या दिवशी मॅनेजरच्या सांगण्यावरून मी त्याला गैरहजर लिहिलं. तो चोरी करायला आत शिरला होता, असं ठरलं. त्याचा दोनशे सतरा नंबरचा बिल्ला मी खान नदीत फेकून दिला.

ब्याण्णव साली मिल कायमची बंद झाली. पुढच्याच रविवारी चर्चमध्ये मी दानाची थाळी फिरवली, तर तिच्यात तो बिल्ला होता. ओला. मी पुन्हा नदीत फेकला. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला.

सगळ्यांच्या सुरात पापाची कबुली म्हणणं सोपं असतं. आज ती एकट्यानं द्यायची, असं मी ठरवलं. उपासना संपताच, भर दुपारी, मालोजीच्या बायकोच्या दारात जाऊन उभा राहिलो.

“लक्ष्मीवहिनी, मालोजी चोर नव्हता. ड्यूटीवर होता. खोटं मी लिहिलं. मला जेल झाली तरी चालेल, पण आता हे कोर्टातही सांगणार.”

त्या रडल्या नाहीत. “बिल्ला द्या इकडे, साळवेजी.”

बिल्ल्याबद्दल मी अजून बोललोच नव्हतो. खिशातून काढून तो त्यांच्या हातात दिला.

तो त्यांनी पदरानं पुसला, डोक्यावर पदर घेतला आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

“चलो, छुट्टी झाली तुमची. आता तरी घरात या.”

माझ्या पाठीमागे कुणीतरी चपला काढल्या.