शेवटचे दहा दिवस नुसतं पाणी

दहावा दिवस उजाडला तरी पानं हिरवीगारच होती.

मार्नी पॉलिहाउसच्या दारात थबकली. दोन्ही अंगांना गांजाची झाडं, खांद्याला लागतील एवढी, प्रत्येकाच्या बुडाशी नारळाच्या काथ्याची पिशवी. कापणीआधी दहा दिवस खत तोडायचं आणि नुसतं पाणी सोडायचं, हा या डोंगरातला रिवाज. काथ्यात साठलेलं खत धुऊन जातं, नाही तर माल ओढताना घशाला लागतो म्हणतात. झाड मग पानांतली शिदोरी सोडतं, पानं पिवळी पडत जातात, आणि दहाव्या दिवशी हळद लागल्यासारखं झाड निघायला तयार होतं. मार्नीची झाडं मात्र नुकतीच पंगतीला बसल्यासारखी दिसत होती.

सकाळीच हॉलिस येऊन गेला. हा शेजारचा म्हातारा उद्या चार माणसं घेऊन कापणीला येणार होता. त्यानं एक पान उलटून पाहिलं आणि मिशीत हसला.

"ही काही जायला निघालेली दिसत नाहीत, पोरी. यांचा मुक्काम ख्रिसमसपर्यंत दिसतोय."

पाणी नीट दिलंस ना, असं त्यानं विचारलं. मार्नीनं मान हलवली. आठवडाभर थांबता येईल का, असं तिनं चाचपून पाहिलं. हॉलिसनं समुद्राकडच्या ढगांकडे बोट केलं. गुरुवारी पाऊस, हवेत ओल भरली की फुलांच्या पोटात बुरशी. उद्या म्हणजे उद्याच.

तो गेल्यावर ती क्षार मोजायचं मीटर घेऊन गुडघ्यांवर बसली. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिनं पिशवीखाली ठिबकणारं पाणी वाटीत धरलं. इतके दिवस ती टाकीतलंच पाणी मोजत होती. तिथं उभ्या उभ्या मोजता येई. झाडं जिची, त्या व्हर्नामावशीनं बजावलं होतं, आत जाणारं पाणी गोड बोलतं, खरं काय ते बाहेर येणाऱ्याला विचार. तिनं वाटीत मीटर बुडवलं. आकडा चढत गेला, भर उन्हाळ्यात खत चालू असताना चढायचा तिथवर.

ती उठली आणि टाकीपासून नळीच्या कडेकडेनं चालत गेली. वाटेत व्हेंच्युरी होती, वाहत्या पाण्यात खत ओढून घेणारी. दहा दिवसांपूर्वी बंद करायचा तिचा कॉक उघडाच होता. खाली कॅनमधलं खत तळाला गेलं होतं.

दहा दिवस, दिवसातून तीनदा, तिनं झाडांना जेवू घातलं होतं.

व्हर्नामावशी त्र्याहत्तर वर्षांची. खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे घरात पडून. चाळीस वर्षं तिनं याच उतारावर झाडं वाढवली. आधी पोलिसांच्या हेलिकॉप्टरच्या भीतीनं देवदारांच्या आडोशाला, आता लायसन्स भिंतीवर टांगून. झाडांचं खत धुवायला शिकावं तर व्हर्नाकडून, असं सगळी दरी म्हणे. मार्नी तिच्या बहिणीची मुलगी, शहरातली नोकरी सोडून आलेली. मावशीनं आडपडदा न ठेवता सांगितलं होतं: हे पीक नीट उतरवलंस तर लायसन्सवर तुझं नाव घालते, नाही तर जमीन विकून टाकते. मला आता वाकवत नाही.

आणि आज दुपारी मावशी कुबड्या घेऊन पहिल्यांदाच झाडं बघायला येणार होती.

मार्नीनं कॉक बंद केला. आता त्याचा काही उपयोग नव्हता. मग ती पानं खुडू लागली. पंजासारखी मोठी, सगळ्यांत हिरवी, ती आधी. कापणीच्या आदल्या दिवशी पानं काढतातच, कुणाला नवल वाटणार नव्हतं. एक ओळ झाली, दुसरी झाली. बोटं चिकानं काळी पडली. ढीग कमरेएवढा झाला तेव्हा तिनं त्यावर गोणपाट ओढलं. एक कोपरा उघडा राहत होता. तो ती पुन्हा पुन्हा झाकत राहिली.

मावशी आली. धापा टाकत पालथ्या बादलीवर बसली. मोकळ्या झालेल्या झाडांवरून तिची नजर सावकाश फिरली. फुलं छान भरलीत, म्हणाली. मग जवळचं एक फूल हुंगून तिनं सहज विचारलं, रंग कसा आला होता पानांना.

पिवळा, हा एवढासा शब्द. तो मार्नीच्या जिभेवर येऊन बसला होता.

"हिरवा," ती म्हणाली. "मावशी, मी कॉक बंदच केला नव्हता गं. दहा दिवस खतच गेलं. तुला रोज आकडा सांगत होते ना, तो टाकीतला होता."

तिनं गोणपाट ओढून काढलं.

वाऱ्यानं छताचं प्लास्टिक फडफडत होतं. मग तिनं हात पुढे केला. तिला उठायला आधार हवा असेल म्हणून मार्नी वाकली, तर मावशीनं तिलाच खाली ओढून शेजारी बसवलं. म्हणाली, उद्या काप. परवा मला गाडीतून गावात ने, तुझ्या नावाचे कागद भरायचेत.

मार्नीचा विश्वास बसेना. घाईघाईनं ती समजावू लागली, न धुतलेला माल घशाला लागला तर, ओढताना राख काळी पडली तर, लोक तुझ्याच नावानं बोटं मोडतील.

मावशी तिच्या काळ्या झालेल्या बोटांवरचा चिक आपल्या खिशातल्या रुमालानं पुसत राहिली.

"अकरा वर्षांपूर्वी मीही अशीच विसरले होते," ती म्हणाली. "पानं खुडली, रातोरात ओढ्यात सोडली, आणि आजवर कुणाला सांगितलं नाही. त्याच वर्षी लोक पहिल्यांदा माझ्या दारात आले, विचारायला, व्हर्ना, इतकं सुरेख धुतेस तरी कसं?"