भुकेचं कौतुक

काट्यावर साडेसात किलो आले, म्हणून सिस्टरनी नऊ महिन्यांच्या पोराला उचलून परत ठेवलं. तरी साडेसातच. मागच्या महिन्यात कार्डावर आठ लिहिले होते, तेही त्यांच्याच हातानं.

"खायला काय देता?"

आईनं तोंड उघडायच्या आत बापानं खिशातनं मोबाइल काढला. "सांगण्यापेक्षा बघाच." पडद्यावर पोरगं उंच खुर्चीत बसून भोपळा, बटाटा, सफरचंद, जे येईल ते गिळत होतं. चमचा दिसला की अख्खं अंग पुढे झोकून देत होतं. "चाटूनपुसून साफ. चाळीस हजार लोक बघतात, सिस्टर. विचारतात, तुमचा एवढा कसा खातो?"

दवाखान्यात तीस वर्षं सिस्टरनी असले शहाणे पाहिले होते. मूल झालं रे झालं, की यांना शिंगं फुटतात.

"मग? कसा खातो?"

"सोपं आहे. दूध तोडलं. सकाळी एकदा, झोपताना एकदा, बस. मधे प्यायला की वाटीकडे ढुंकून बघत नाही." जसं काही याच्या आधी कुणाला पोरंच झाली नव्हती.

म्हणजे पोराला उपाशी ठेवायचं आणि त्याच्या भुकेचं गावभर कौतुक करून घ्यायचं. सिस्टरना त्याची किळस आली. बायकोचीही आली. ती बया तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होती आणि कडेवरचं पोर तिची बाही चोखत होतं.

"साहेब, वर्षाचा होईपर्यंत दूध हेच याचं मुख्य जेवण. भोपळा-बटाटा त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे. अर्धा किलो उतरलाय तो. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय इथून हलायचं नाही." मग त्या बाईकडे वळल्या. "दूध येतंय का अजून?"

"येतं. रोज दुपारी छाती दुखायला लागते. मोरीत पिळून टाकते."

सिस्टरनी स्टूल पुढे ओढलं. "बस. पाज त्याला."

"आत्ता?" बाप म्हणाला. "दीड वाजता शूटिंग आहे आमचं."

"असू दे की. खुर्चीत तुम्ही बसा, तुम्ही खा."

पोरगं दोन्ही मुठींनी आईला धरून घटाघट पीत होतं. एक बाजू झाली, दुसरी झाली. बापानं दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी पोरानं तोंड सोडलं. आईनं परत जवळ घेतलं, तर त्यानं तळव्यानं तिला ढकललं आणि मान फिरवली.

"झालं," बाप म्हणाला. "आता हा दीडला एक चमचा घ्यायचा नाही."

नवऱ्याकडे न बघता ती सिस्टरना म्हणाली, "पोट भरलं की हा असं तोंड फिरवायचा. मी विसरूनच गेले होते."