गाईचं पान

गावात आता ज्याच्या त्याच्या दावणीला जर्सी. गावरान गाय उरली ती एकट्या आबारावांची, चंद्री. तिचं खाणं त्यांनी आपल्या कोरडवाहू रानावर बराबर बसवलं होतं: ज्वारीचा कडबा, तुरीचं भुसकट, वरून ओंजळभर सरकीची पेंड. शिळी भाकरसुद्धा ते कुणाला तिच्यापुढं टाकू देत नसत.

सर्वपित्री अमावस्येला पेंड आणायला ते घनसावंगीला गेले आणि उन्हं कलल्यावर परतले. चंद्री आडवी पडली होती. पोट तट्ट फुगलेलं, तोंडाला फेस. दावणीत भात, खीर आणि वडे सांडलेल्या पत्रावळ्यांचा ढीग.

"मी न्हाई कसं म्हणू?" सोनूबाई, त्यांची बायको, भिंतीला टेकून म्हणाली. "पितरांचा घास जर्सीला चालत न्हाई म्हणतेत. सकाळपासून समदं गाव येऊन राह्यलंय."

आबारावांनी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, निघालोच, तोवर तिच्या तोंडात घासभरही जाऊ देऊ नका.

फाटक वाजलं.



बाहेर पार रस्त्यापर्यंत रांग होती, आणि सगळ्यात पुढं पान घेऊन उभा असलेला बद्रीनाथ हळूच म्हणाला, "आबाराव, उठवा की तिला. आमचा म्हातारा वर उपाशी बसलाय."