मावशीचं फूल

आठवडाभर लेकीच्या तोंडी एकच विषय होता: मावशीनं दाखवलेलं फूल. मावशी म्हणजे आई कामावर असताना तिला सांभाळणारी बाई. मावशी अशी नि मावशी तशी, ऐकून ऐकून आईचे कान किटले. शेवटी रविवारी ती म्हणाली, “चल, दाखव तुझं ते फूल!” घरामागच्या रानात झाडांना नुकती पालवी फुटत होती. एका बुंध्याशी, वाळक्या पानांतून बोटभर उंचीचं जांभळं फूल डोकावत होतं. “उभ्यानं नाही दिसत. पालथी पड!” लेकीनं फर्मावलं. “अगं, कपडे मळतील.” “मावशी तर पडते!” हे मात्र आईला झोंबलं. मुकाट्यानं ती पालथी पडली. फूल उपटलं की उद्या मावशी काय दाखवेल, कपाळ? तिनं देठाला हात घातला, तेवढ्यात लेक फुलाच्या कानाशी लागली. “घाबरू नकोस हं. ही माझी आई. फक्त रविवारी असते.”