लक्ष कुठे होतं?

ओहायोतल्या त्या मैदानावर दर शनिवारी घोडागाड्यांच्या शर्यती होत, आणि पद्माकर तिथं पंच होता. पंचांचा मनोरा धावपट्टीच्या आत, प्रेक्षकांच्या बरोबर समोर. आज शेवटच्या वळणानंतर डेल नावाच्या देखण्या गाडीवानानं मान वळवून प्रेक्षकांकडे पाहिलं आणि त्याचं चाक शेजारच्या गाडीला घासलं. घोडे बिथरले. नशिबानं कुणी पडलं नाही.

पद्माकरनं मनोऱ्यावरच्या कॅमेऱ्याची टेप व्हीसीआरवर लावली. डेलनं जिकडे पाहिलं तिकडे पिवळ्या साडीत वसुधा उभी होती. पद्माकरची बायको. हसत, हात उंच करून हलवत होती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कधी नव्हे ती साडी नेसली, ती याच्यासाठी होय!

"लक्ष कुठे होतं तुझं?" त्यानं डेलला बोलावून विचारलं.

"सॉरी सर. एक बाई हात करत होती. वाटलं, मलाच."

एरवी एवढ्यावर ताकीद देऊन सोडत. पद्माकरनं महिनाभराची बंदी घातली. बाकीचे पंच त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

घरी जाताना मोटारीत वसुधा खिडकीबाहेर बघत होती. त्याला राहवलं नाही.

"फार जीव तुटतोय का त्या डेलसाठी? एवढा हात करत होतीस त्याला!"

"त्याला? अहो, त्याच्या मागे तुमचा मनोरा होता. दर शनिवारी हात करते मी. आज म्हटलं, निदान पिवळी साडी तरी दिसेल लांबून. तुमचं लक्ष कुठे असतं?"