रशियन राज्यक्रांतीची उजळणी

“वाच गो पुढं,” काशीराम म्हणाला.

सुलक्षणानं पुस्तकावर बोट ठेवलं. बारावीचा जगाचा इतिहास, रशियन राज्यक्रांतीचा धडा. “पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी आधी काम बंद केलं. आठवड्याभरात झारला गादी सोडावी लागली.”

“आठवड्यात?” काशीरामला दर वेळी तेवढंच नवल वाटे. “आमचं संपात दीड वर्ष गेलं, मालकाची खुर्ची हलली नाय.”

“तिकडे सैनिक लोकांच्या बाजूनं गेले ना, बाबा.”

“हे कालपण झालं. दुसरं महायुद्ध कधी येतंय?”

“सरांनी अजून घेतलं नाही.”

“जानेवारी आला. मार्चात परीक्षा. तुझे सर झोपलेत काय?”

“उजळणी चाललीय,” ती म्हणाली आणि डोळे चोळू लागली. वाचून वाचून पोरीचे डोळे लाल होतात, याचं काशीरामला वाईटही वाटे आणि कौतुकही. मालाडच्या त्यांच्या चाळीत बारावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी.

गिरण्यांचा संप फसला, पण काशीरामची गिरणी काही उघडली नाही. दिवाळीपासून परत कामावर घेतलं, अशी थाप त्यानं सुलक्षणाला मारली होती. रोज डबा घेऊन तो निघे आणि काम शोधत वणवण फिरे. खरं काय ते फक्त बायकोला, विमलाला, ठाऊक होतं. घर भावाच्या मनिऑर्डरीवर चाललंय, असं विमला सांगे.

“पोरीला कळता कामा नये,” त्यानं विमलाला शपथ घातली होती. “कळलं तर दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडील ती. माझी वाट लागली ती लागली, तिची नको.”

विमला तेव्हा पदराला हात पुसत राहिली. हल्ली ती बोलायचीच कमी. भावापुढं हात पसरल्याची लाज असणार, असं काशीराम धरून चालला होता.

त्या आठवड्यात अखेर काम मिळालं. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, रेडिओचे भाग जोडणाऱ्या कारखान्याच्या फाटकावर, वॉचमनचं. वीस वर्षं मागावर काढलेल्या माणसाला ते खाकी कपडे चढवताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सुलक्षणाचं कॉलेज अंधेरीला आणि चारकोप नेमकं उलट्या दिशेला. तिच्या नजरेला पडायची भीती नव्हती. मार्चपर्यंत निभावलं की झालं, असं त्यानं स्वतःला समजावलं.

पहिल्या दिवशी शिवदास या जुन्या वॉचमननं काम सांगितलं. “सहाला भोंगा झाला की बायका सुटतात. एकेकीची पिशवी बघायची, डबासुद्धा उघडायचा. तोंडाकडं बघत बसू नको, लाजतात बिचाऱ्या.”

“चोऱ्या होतात काय?”

“नाय रे. दिवाळीपासून नवीन पोरी घेतल्यात, सगळ्या गुणी. पण साहेबाचा हुकूम ना.”

भोंगा झाला. पोरी रांगेनं आल्या. काशीराम मान खाली घालून तपासू लागला. डबा, रुमाल, फणी. पुन्हा डबा, फणी. पोरी पिशवी उघडून दाखवत, मिटत आणि मुकाट्यानं पुढं सरकत. सातआठ जणी गेल्यावर त्याच्या हाताला सवय झाली. वाटलं होतं तेवढं काही वाईट नव्हतं हे.

मग एक पिशवी समोर आली, ती उघडेचना.

“उघड बाई, मागं रांग आहे,” म्हणत काशीरामनं मान वर केली. समोर सुलक्षणा उभी होती.