खाटेचं बटण

चौऱ्याण्णव साली सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा आमच्या ह्यांनी घरीच बेल तयार केली. दौंडला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये नोकरी, त्यामुळे घंटीच्या खुणांवर ह्यांचा फार विश्वास. खाटेला बटण, स्वयंपाकघरात बेल. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की चहा, तीनदा वाजली की हातातलं टाकून ये. कॉलनीतले लोक बघायला आले आणि म्हणाले, "मच्छिंद्रनं बायकोचा लई तरास वाचवला."

चार वर्षं मी बेल ऐकू येणार नाही इतकी लांब गेले नाही. भावाच्या लग्नाला गेले तेवढीच, तीही अक्षता पडल्या तशी परत आले.

सासूबाईंचं तेरावं झालं. मी म्हणाले, "आता तेवढी बेल काढा."

"काढू की. घाई काय हाय?"

दुसऱ्या दिवशी पाहुणे गेले. हे सासूबाईंच्या खाटेवर पेपर वाचत पडले होते. मी कितीतरी दिवसांनी उंबऱ्यात पाय पसरून बसले.



बेल दोनदा वाजली.